पदव्युत्तर प्रवेशाचा अर्ज: मराठवाड्यातून पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

नोव्हेंबर संपत आला की आमच्या स्टाफरूमच्या दाराशी कुणीतरी घुटमळत उभं असतं. हातात प्लॅस्टिकची फाइल, फाइलमध्ये दहावीपासूनचे मार्कमेमो, आणि पहिलं वाक्य ठरलेलं: "मॅडम, फॉर्म भरायचाय. परवा शेवटची तारीख आहे."

मी लातूर जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात भूगर्भशास्त्र शिकवते. दारात येणारी ही मुलं हुशार असतात, कष्टाळू असतात, आणि तरीही त्यातल्या बऱ्याच जणांचा अर्ज मागं पडतो. मला त्याचं मूळ "फॉर्म भरणं" ह्या शब्दातच दिसतं. आपल्याकडं फॉर्म म्हणजे नेट कॅफेत बसून उरकायचं काम: नाव, जात, टक्के, फोटो, सही, चलन. अकरावीचा प्रवेश असाच झाला, स्कॉलरशिपही अशीच मिळाली. टक्के असले की नंबर लागतो, हे आपल्या अंगवळणी पडलंय.

परदेशातली विद्यापीठं आणि देशातल्या संशोधन संस्था टक्क्यांवर फक्त पहिली चाळणी लावतात. त्यापुढं दोन-तीन प्राध्यापक बसून वाचतात: ह्या मुलीनं आजवर काय केलंय, तिला पुढं काय शोधायचंय, आणि ते आमच्याकडं होण्यासारखं आहे का? त्यांनी औसा पाहिलेलं नसतं, तुमच्या कॉलेजचं नाव ऐकलेलं नसतं. समोर असतात ते फक्त कागद. म्हणून अर्ज म्हणजे तुम्ही केलेल्या कामाचा पुरावा, असं धरून चाला. पुरावा दोन दिवसांत तयार होत नाही. त्याला साधारण सव्वा वर्ष लागतं. ते सव्वा वर्ष कसं वापरायचं, ते इथं सांगते.

आधी ठरवा: कुठं आणि कशासाठी

रस्ते मुख्यतः तीन आहेत, आणि प्रत्येकाचं तंत्र वेगळं.

देशात एम.एस्सी. करायची असेल तर आयआयटी आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेसाठी 'जॅम' ही परीक्षा आहे. ती फेब्रुवारीत होते, अर्ज सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भरले जातात. सातच विषय आहेत: भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, गणितीय संख्याशास्त्र, भूगर्भशास्त्र, जैवतंत्रज्ञान आणि अर्थशास्त्र. एम.टेक.साठी 'गेट', तिचा स्कोअर तीन वर्षं चालतो. हैदराबाद, दिल्लीसारख्या केंद्रीय विद्यापीठांत एम.ए. किंवा एम.एस्सी. करायची तर 'सीयूईटी-पीजी'. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं एक केंद्र आपल्या तुळजापुरातच आहे, हे धाराशिवच्या मुलांनाही कधीकधी माहीत नसतं. समाजकार्य, ग्रामीण विकास अशा विषयांत रस असेल तर मुंबई बघण्याआधी तिथं एक चक्कर मारून या.

दुसरा रस्ता परदेशातल्या मास्टर्सचा. हा बहुतेक वेळा स्वतःच्या खर्चाचा रस्ता आहे, त्याबद्दल पुढं बोलू. तिसरा पीएच.डी.चा, आणि इथं एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. अमेरिकेत पीएच.डी.साठी आधी मास्टर्स असलंच पाहिजे असं नसतं. पदवीनंतर थेट अर्ज करता येतो. विज्ञान-अभियांत्रिकीच्या बऱ्याच विभागांत पीएच.डी.च्या विद्यार्थ्याची फी माफ असते आणि शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाबद्दल दरमहा मानधन मिळतं. म्हणजे ज्याच्याकडं पैसा नाही त्याला मास्टर्सपेक्षा पीएच.डी.चा अर्ज परवडतो. आमच्याकडं नेमकं उलटं समजतात: "एवढे पैसे नाहीत, म्हणून पीएच.डी.चं नावच नको."

एक अडचण मात्र आहे. आपली तीन वर्षांची बी.ए., बी.एस्सी. किंवा बी.कॉम. अमेरिकेतली अनेक विद्यापीठं पूर्ण पदवी मानत नाहीत. त्यांना सोळा वर्षांचं शिक्षण लागतं. ब्रिटनमध्ये तीन वर्षांची पदवी चालते. तुम्ही नव्या शैक्षणिक धोरणातल्या चार वर्षांच्या ऑनर्स अभ्यासक्रमाला असाल तर हा प्रश्न बराचसा सुटतो. शिवाय २०२२ च्या यूजीसी नियमांप्रमाणं चार वर्षांची पदवी किमान ७५ टक्क्यांनी मिळवलेल्यांना देशातही थेट पीएच.डी.ला अर्ज करता येतो. राखीव प्रवर्गांना त्यात पाच टक्क्यांची सवलत आहे. तिसऱ्या वर्षानंतर बाहेर पडायचं की चौथं करायचं, हे ठरवताना एवढं ध्यानात ठेवा.

यादी लहान ठेवा. सहा ते आठ ठिकाणं पुष्कळ झाली. नाव मोठं म्हणून एखादं विद्यापीठ यादीत घालू नका. तुमच्या प्रश्नावर काम करणारा किमान एक प्राध्यापक तिथं आहे का, ते बघा. गूगल स्कॉलरवर विषय टाका, गेल्या पाच वर्षांतले शोधनिबंध काढा, लेखक कुठं शिकवतात ते लिहून घ्या. यादी अशी खालून वर तयार होते. आपल्या देशातले पीएच.डी.चे प्रबंध 'शोधगंगा'वर फुकट वाचायला मिळतात. तुमच्याच जिल्ह्यावर कुणी काय लिहून ठेवलंय, ते तिथं एकदा शोधाच.

वर्षाचं वेळापत्रक आपल्या वर्षाशी जुळवा

अमेरिकी पीएच.डी.च्या बऱ्याच तारखा १ ते १५ डिसेंबरच्या आसपास असतात. आपल्या विद्यापीठाच्या हिवाळी परीक्षा नेमक्या त्याच सुमाराला. दिवाळीत घरी गेलं की शेतातली कामं. म्हणून डिसेंबरात अर्ज जाणार असेल तर पेरण्या आटोपल्या की, जुलैतच, उद्देशपत्राचा, म्हणजे काय शिकायचंय आणि का ते सांगणाऱ्या पत्राचा, पहिला मसुदा कागदावर यायला हवा. पोळ्यापर्यंत शिफारस देणाऱ्या शिक्षकांशी बोलणं, दसऱ्यापर्यंत परीक्षा आणि कागदपत्रं, आणि दिवाळीच्या सुट्टीत फक्त शेवटची उजळणी. जर्मनीत हिवाळी सत्रासाठी बऱ्याच ठिकाणी १५ जुलै ही तारीख असते, पण परदेशी विद्यार्थ्यांसाठी काही विभाग मार्च ते मेमध्येच अर्ज बंद करतात. प्रत्येक विभागाचं पान स्वतः उघडून बघा. मित्रानं सांगितलेली तारीख लिहून ठेवू नका.

कागदपत्रं: आपली सगळ्यात जास्त गाडी इथं अडते

सुरुवात नावापासून. आपल्या मार्कमेमोवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव असतं. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात. आधारवर तिसरीच तऱ्हा. एका ठिकाणी "राव" जोडलेलं, दुसऱ्या ठिकाणी तोडलेलं. लग्न झालेल्या मुलींचं आडनाव अर्ध्या कागदांवर माहेरचं, अर्ध्यांवर सासरचं. इथं कुणी त्याकडं बघत नाही. परदेशातल्या कार्यालयात मात्र हे दोन वेगळे माणूस ठरतात. सगळे कागद एका टेबलावर मांडा आणि नावाचं स्पेलिंग अक्षर न् अक्षर ताडून बघा. किरकोळ फरकाला प्रतिज्ञापत्र पुरतं, मोठ्या फरकाला राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करावा लागतो. ह्याला महिने जातात, म्हणून हे पहिलं काम.

पासपोर्ट आजच काढायला टाका. आयईएलटीएस ह्या इंग्रजीच्या परीक्षेच्या नोंदणीला तो लागतोच, आणि परीक्षेच्या दिवशी मूळ प्रत हातात असावी लागते.

मग ट्रान्स्क्रिप्ट. म्हणजे सगळ्या सत्रांचे विषय, गुण आणि श्रेयांक एकत्र दाखवणारा, विद्यापीठाच्या परीक्षा विभागानं सही-शिक्क्यानं दिलेला दाखला. मार्कमेमोच्या झेरॉक्स म्हणजे ट्रान्स्क्रिप्ट नव्हे. काही ठिकाणी तो मोहोरबंद पाकिटात लागतो, काही ठिकाणी विद्यापीठानं थेट पाठवावा लागतो. माझ्या वेळी हा एक कागद मिळायला मला चार फेऱ्या माराव्या लागल्या होत्या. पहिल्या फेरीला चलन चुकीचं निघालं, दुसऱ्या फेरीला संबंधित माणूस रजेवर, तिसऱ्या वेळी एका सत्राचे गुणच नोंदलेले नव्हते. एका विद्यापीठाची तारीख त्यात हुकली. तेव्हापासून मी मुलांना सांगते: संभाजीनगरला किंवा नांदेडला विद्यापीठात जाताना सगळ्या सत्रांचे मूळ मेमो, त्यांच्या दोन-दोन प्रती, कॉलेजचं बोनाफाईड आणि एक लेखी अर्ज सोबत न्या, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक घेऊन या, आणि एकाच वेळी पाच-सहा ट्रान्स्क्रिप्ट मागा. शिक्षणाचं माध्यम इंग्रजी होतं, असा दाखलाही त्याच फेरीत मागून घ्या. काही विद्यापीठं त्यावर इंग्रजीची परीक्षा माफ करतात.

जर्मनीला जाणाऱ्यांसाठी एक जास्तीचा टप्पा आहे. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी 'एपीएस' प्रमाणपत्र लागतं, म्हणजे तुमचे कागद खरे असल्याची पडताळणी. तेही वेळ खातं. अर्ज 'युनी-असिस्ट' ह्या अर्ज तपासणाऱ्या संस्थेमार्फत जात असेल तर पहिल्या विद्यापीठाला ७५ युरो आणि पुढच्या प्रत्येकाला ३० युरो लागतात.

आणि टक्केवारी स्वतःच्या मनानं तिकडच्या श्रेणींच्या सरासरीत, म्हणजे जीपीएमध्ये, बदलू नका. ६८ टक्के असतील तर १०० पैकी ६८ असंच लिहा. आपल्या विद्यापीठातले ६८ आणि तिकडचे ६८ सारखे नसतात, हे प्रवेश समितीला माहीत असतं.

दाखवायला काहीतरी केलेलं हवं

आता खऱ्या कामाकडं येऊ. "आमच्या कॉलेजात लॅब नाही, प्रोजेक्ट नाही, मी काय दाखवू?" हा प्रश्न मला दर वर्षी येतो. प्रश्न रास्त आहे, अन्यायही खरा आहे. पण मोठ्या यंत्राशिवाय होणारं संशोधन आपल्या दारात पडलंय, आणि ते पुण्या-मुंबईच्या मुलाकडं नाही.

मराठवाडा बहुतांशी बेसाल्टच्या थरांवर बसलेला आहे. भूजल सर्वेक्षण यंत्रणा ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते. तुम्ही तुमच्या शिवारातल्या दहा विहिरी पंधरा-पंधरा दिवसांनी मोजल्या, तर तुमच्याकडं त्या शिवाराची सरकारपेक्षा दाट नोंद तयार होते. लागतं काय? टेप, वही आणि सातत्य. कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीनं २०१७ च्या हंगामात काय केलं ते घराघरात ठाऊक आहे. कीटकशास्त्राच्या विद्यार्थ्यानं एका हंगामात सापळ्यांत सापडलेल्या पतंगांची तारीखवार नोंद ठेवली, तर ते काम आहे. अर्थशास्त्राचा विद्यार्थी बाजार समितीतले सोयाबीन आणि तुरीचे रोजचे भाव घेऊन बसू शकतो. इतिहासवाल्यांना तेर आहे, जे प्राचीन तगर म्हणून ओळखलं जातं आणि जिथल्या वस्तुसंग्रहालयात सातवाहन काळातल्या वस्तू ठेवल्यात. मराठीच्या विद्यार्थ्याला अंबाजोगाईत दासोपंतांची पासोडी आहे, कापडावर लिहिलेली. भाषाशास्त्राच्या मुलीनं आपल्या गल्लीतली दखनी ध्वनिमुद्रित केली तरी चालेल.

हे करताना एक शिस्त पाळा: तारीख, ठिकाण, मोजण्याची रीत, आणि काय चुकलं, हे त्याच दिवशी वहीत. ही वही उद्या तुमच्या अर्जाचा कणा होते.

ह्याच्या जोडीला एक उन्हाळा बाहेर काढा. भारतातल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून दर वर्षी उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात. निवड झाली की दोन महिने देशातल्या एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम करता येतं आणि विद्यावेतनही मिळतं. अर्ज साधारण दिवाळीच्या सुमाराला भरायचे असतात. जवळपास बघायचं तर परभणीचं कृषी विद्यापीठ आहे, पाण्याच्या विषयासाठी संभाजीनगरची जल व भूमी व्यवस्थापन संस्था, म्हणजे वाल्मी, आहे. तिथल्या शास्त्रज्ञांना जाऊन भेटा, वही दाखवा, "महिनाभर तुमच्याकडं काम करू द्या" असं सरळ विचारा. नाही म्हणाले तर पुढच्या दारी जा.

उद्देशपत्र

स्टेटमेंट ऑफ पर्पज, मुलांच्या भाषेत एसओपी. साधारण दोन पानं. ह्यावर माझा सगळ्यात जास्त वेळ जातो, तुमचाही जायला हवा.

आमच्याकडं येणारे पहिले मसुदे जवळजवळ सारखे असतात. असे: "लहानपणापासून मला निसर्गाची ओढ होती. मराठवाडा हा दुष्काळी भाग असून येथील शेतकऱ्यांचे हाल पाहून माझे मन द्रवले. आपल्या नामांकित विद्यापीठात शिक्षण घेऊन देशसेवा करण्याचे माझे स्वप्न आहे." ह्यातला शब्द न् शब्द मनापासून लिहिलेला असतो, हे मी जाणते. तरीही वाचणाऱ्याला ह्या मुलीबद्दल काहीच कळत नाही. हीच वाक्यं आठ जिल्ह्यांतला कुणीही लिहू शकतो.

आता त्याच मुलीनं चौथ्या मसुद्यात काय लिहावं ते बघा: "आमच्या शिवारात दोन विहिरी एकमेकींपासून दोनशे फुटांवर आहेत. एक मार्चमध्ये आटते, दुसरीला मेपर्यंत पाणी असतं. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी मी ह्या दोन आणि आसपासच्या नऊ विहिरींची पातळी दर पंधरा दिवसांनी मोजली. टिकणाऱ्या विहिरींत भेगाळलेला, पोकळ्यांचा बेसाल्ट दिसतो, आटणाऱ्या विहिरी घट्ट खडकात आहेत, असं मला आढळलं. पण अकरा विहिरींवरून हे सिद्ध होत नाही, आणि खडकातल्या भेगांचा माग काढायची साधनं माझ्याकडं नव्हती. ती पद्धत शिकण्यासाठी मी अर्ज करते आहे."

इथं दुष्काळाचं नाव नाही, हाल नाहीत, स्वप्न नाही. तरी सगळं आहे. प्रश्न आहे, काम आहे, कामाची मर्यादा स्वतःच ओळखली आहे, आणि विद्यापीठाकडून नेमकं काय हवंय ते सांगितलंय. मर्यादा कबूल करायला मुलं घाबरतात. वाचणारे प्राध्यापक स्वतः संशोधक असतात, आपलं कुठं कमी पडतंय हे ज्याला कळतं तो शिकू शकतो, असं ते मानतात.

दुःखाबद्दल जरा थांबून बोलते, कारण आपल्या भागात हा प्रश्न खरा आहे. लातूर-धाराशिवकडच्या कितीतरी उद्देशपत्रांत पहिल्या परिच्छेदात किल्लारी येते. ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट आमच्या घराघरात आजही जिवंत आहे, आणि ती लिहू नका असं मी कधीच म्हणणार नाही. पण लिहिणाऱ्या मुलाचा तेव्हा जन्मही झालेला नसतो. आजीनं सांगितलेली आठवण दोन ओळींत लिहा, आणि तिसऱ्या ओळीत तुमचा प्रश्न येऊ द्या: दख्खनचा हा भाग भूकंपाच्या दृष्टीनं स्थिर समजला जात होता, मग इथं ६.२ तीव्रतेचा भूकंप कसा झाला? किंवा, दगड-मातीच्या जाड भिंतींची घरं कशी पडली आणि पुनर्वसनात बांधलेली घरं तीस वर्षांनंतर कशी आहेत? आठवणीतून प्रश्न निघाला की ती आठवण तुमच्या अर्जाचं बळ होते. प्रश्न न निघता नुसती आठवण ठेवली तर वाचणारा हळहळतो आणि पान उलटतो. वडिलांचं कर्ज, आईची रोजंदारी, ऊसतोडीला जाताना बुडालेली शाळा, ह्या सगळ्याला हेच लागू. लाजू नका, लपवू नका, त्यानं तुमच्या शिक्षणात काय घडलं तेवढं लिहा. एखाद्या सत्रात विषय राहिले असतील तर दोन वाक्यांत कारण आणि तिसऱ्यात त्यानंतरचे गुण.

लिहायचं कसं? आधी मराठीत बोला. आईसमोर किंवा भावासमोर बसून पाच मिनिटांत सांगा: मी काय केलं, मला काय कळलं नाही, मला तिकडं का जायचंय. त्यांना कळलं तर लिहायला बसा. इंग्रजी साधं ठेवा, छोटी वाक्यं, भूतकाळातली क्रियापदं: मोजलं, तपासलं, चुकलं, पुन्हा केलं. "मायसेल्फ" नं सुरुवात करू नका. "पास्ड आऊट" चा तिकडं अर्थ बेशुद्ध पडणं असा होतो, "ग्रॅज्युएटेड" लिहा. विद्यापीठाची स्तुती काढून टाका. त्याऐवजी तिथल्या कुणाचं कोणतं काम तुम्ही वाचलंत आणि ते तुमच्या प्रश्नाला कुठं जोडतं, एवढा एक परिच्छेद प्रत्येक विद्यापीठासाठी वेगळा लिहा.

तयार उद्देशपत्र विकणारे आहेत. यंत्राकडून लिहून घेणारेही आता आहेत. दोन्हीत तुमची विहीर नसते. शिवाय नक्कल पकडली गेली तर अर्ज तिथंच संपतो. काही एजंट "फुकट मार्गदर्शन" देतात तेव्हा त्यांना विद्यापीठांकडून कमिशन मिळत असतं. ते ज्या विद्यापीठांची नावं सुचवतील ती ह्या उजेडात तपासा.

शिफारसपत्रं

साधारण तीन लागतात. प्राचार्यांचं, संस्थाचालकांचं किंवा ओळखीच्या आमदारांचं पत्र कामाचं नाही. तुम्हाला प्रत्यक्ष काम करताना ज्यांनी पाहिलंय त्यांचं पत्र हवं, मग ते तासिका तत्त्वावरचे सर का असेनात.

आमच्याकडं रीतच पडलीय: "तूच लिहून आण, मी सही करतो." सरांनाही दोष देता येत नाही. त्यांच्याकडं शंभर मुलं, आणि असं पत्र त्यांच्यासाठीही कुणी लिहिलेलं नसतं. पण तिन्ही पत्रं एकाच हातची असली की ते लगेच ओळखू येतं. त्यातून वाट अशी काढा: पत्र लिहून नेऊ नका, टिपण न्या. एका पानावर तुम्ही त्यांच्याकडं कोणता विषय शिकलात, कोणता प्रकल्प केलात, त्यात कुठं अडलात, कसे सुटलात, वर्गात कितवे आलात. सोबत उद्देशपत्र आणि विद्यापीठांची तारखांसह यादी. मग म्हणा, "सर, ह्यातलं तुम्हाला जे आठवतं आणि पटतं तेच लिहा." एखादा खरा प्रसंग असलेलं चार ओळींचं पत्र, "कष्टाळू, प्रामाणिक, आज्ञाधारक" अशा पानभर विशेषणांपेक्षा जास्त वजनाचं असतं.

एक तांत्रिक गोष्ट. विद्यापीठ पत्राची लिंक थेट शिक्षकांच्या ईमेलवर पाठवतं, आणि तो पत्ता संस्थेचा असावा अशी बहुतेकांची अपेक्षा असते. आपल्या बऱ्याच सरांचा पत्ता जीमेलचा. कॉलेजच्या कार्यालयाला सांगून त्यांचा संस्थेचा पत्ता आधीच सुरू करून घ्या. शेवटच्या आठवड्यात आठवण करायला संकोचू नका, शक्यतो प्रत्यक्ष जाऊन.

परीक्षा

इथं फार बोलण्यासारखं नाही. जीआरई, म्हणजे परदेशी पदव्युत्तर प्रवेशासाठीची परीक्षा, अनेक विभागांनी बंद किंवा ऐच्छिक केलीय, म्हणून पैसे भरण्याआधी यादीतल्या किती ठिकाणी ती लागते ते मोजा. तिचा स्कोअर पाच वर्षं चालतो, आयईएलटीएस आणि टोफेल ह्या इंग्रजीच्या परीक्षांचा दोन वर्षं. केंद्र तुमच्या जिल्ह्यात असेलच असं नाही; पुण्याला किंवा हैदराबादला आदल्या दिवशी मुक्कामी जा, रात्रभर एसटीत बसून सकाळी परीक्षेला बसू नका. मराठी माध्यमातून आलेल्यांना लिहिणं जमतं, ऐकणं-बोलणं जड जातं. त्यावर उपाय म्हणजे तीन महिने रोज अर्धा तास मित्राशी मोठ्यानं इंग्रजी बोलणं. देशातल्या पीएच.डी.साठी नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा द्या. तीतून जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची फेलोशिप, मिळाली तर पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये मिळतात, आणि २०२४ पासून नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठीही धरले जातात.

पैसा

१९१३ साली बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. पुढं १९५० मध्ये त्यांनी संभाजीनगरात मिलिंद महाविद्यालय उभं केलं, आणि आपल्यातल्या कितीतरी घरांत पहिली पदवी तिथून आली. शिष्यवृत्ती मागण्यात कमीपणा वाटणाऱ्या मुलांना मी एवढंच सांगते.

अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, ७५ जागांची. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपच्या १२५ जागा आहेत. त्यात अनुसूचित जातींबरोबर विमुक्त-भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीरही येतात. अट कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला आठ लाखांपर्यंत आणि वय ३५ पर्यंत. दोन्हींत विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते, ती बदलत राहते, म्हणून यादी करतानाच त्या वर्षीची जाहिरात वाचा. ऑफर लेटर बिनशर्त हवं, ही आणखी एक अडकण्याची जागा: "अंतिम निकाल सादर करण्याच्या अटीवर" असं लिहिलेलं असेल तर निकाल लागताच ते बदलून घ्या. जात वैधता प्रमाणपत्र आणि तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आधीच हातात असू द्या.

सर्वांसाठी खुल्या असलेल्यांत ब्रिटनची चेव्हनिंग आहे. तिला २,८०० तासांचा, म्हणजे साधारण दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. युरोपातली इरास्मस मुंडस एकाच मास्टर्ससाठी किमान दोन देशांत शिकवते. १८९२ पासून चालत आलेली जे. एन. टाटा एंडोमेंट कर्ज-शिष्यवृत्ती देते. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही, पण व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधी 'ब्लॉक्ड अकाउंट'मध्ये, म्हणजे दरमहा ठरावीकच पैसे काढता येणाऱ्या खात्यात, दाखवावे लागतात, आणि बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात युरोपबाहेरच्यांना सत्राला १,५०० युरो फी आहे. जमीन गहाण टाकून मास्टर्सला जायचा विचार घरात सुरू असेल तर थांबा, आणि एक वर्ष जाऊ देऊन निधी असलेल्या पीएच.डी.चा किंवा शिष्यवृत्तीचा अर्ज करा. माझं हे मत पक्कं आहे.

अमेरिकी विद्यापीठाची अर्जाची फीसुद्धा आपल्याला जड जाते. विभागाच्या कार्यालयाला दोन ओळींचा नम्र ईमेल करून फी माफ होईल का ते विचारा. बऱ्याच ठिकाणी तशी सोय असते, पण न मागता मिळत नाही.

प्राध्यापकांना ईमेल आणि अर्ज पाठवणं

पीएच.डी.साठी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये संभाव्य मार्गदर्शकांना लिहा. "रिस्पेक्टेड सर" आणि "काइंडली डू द नीडफुल" नको. नावानं, आडनावासह, संबोधा. तुमचा प्रश्न, तुमचं काम, त्यांचा कोणता निबंध वाचला, पुढच्या वर्षी विद्यार्थी घेणार आहेत का, एवढंच दहा ओळींत. सोबत दोन पानांचा सीव्ही. सीव्हीत धर्म, जात, वैवाहिक स्थिती, वडिलांचा व्यवसाय लिहायची गरज नाही. उत्तर आलं नाही तर दोन आठवड्यांनी एकदाच आठवण करा.

अर्ज शेवटच्या तारखेच्या आठवडाभर आधी पाठवा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर १५ डिसेंबरची रात्र ११:५९ म्हणजे आपल्याकडं १६ तारखेची सकाळ १०:२९; पण त्या सकाळी लाइट असेल का, नेट चालेल का, ह्यावर वर्षभराची मेहनत टांगू नका. पाठवण्याआधी पीडीएफ दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडून बघा. एकदा एका मुलाच्या उद्देशपत्रात दुसऱ्याच विद्यापीठाचं नाव राहिलं होतं, ते त्याच्या धाकट्या बहिणीच्या लक्षात आलं.

निकाल जानेवारी ते एप्रिल येत राहतात. निधीसह ऑफर आली तर अमेरिकेतली बरीच विद्यापीठं १५ एप्रिलपर्यंत विचार करायला वेळ देतात, आधी घाई करत असतील तर ती तारीख त्यांना सभ्यपणे आठवून द्या. नकार आले तर रडून घ्या, मग जुना मसुदा काढा. पहिल्या वर्षी मला सगळीकडून नकार आला होता. माझं उद्देशपत्र "लहानपणापासून" ह्या शब्दानंच सुरू होत होतं, आणि माझ्या हाताशी तुलना करायला दुसरं एकही नव्हतं. दुसऱ्या वर्षी हैदराबादला शिकणाऱ्या एका सीनिअर ताईनं तिचं पाठवलं, तेव्हा कुठं मला कळलं.

म्हणून प्रवेश मिळाल्यावर, बॅग भरण्याआधी, एक काम करा. तुमच्या उद्देशपत्राचे सगळे मसुदे, पहिल्या कच्च्यापासून शेवटच्यापर्यंत, ट्रान्स्क्रिप्टच्या अर्जाची प्रत आणि कुठल्या खिडकीवर काय लागलं त्याचं टिपण एका फाइलमध्ये घालून आपल्या विभागाच्या कपाटात ठेवून जा. आमच्या विभागाच्या कपाटात आता अशा सात फाइली आहेत.